हॉर्न घेताना सुराचा हिशेब: सिंगल की डबल?

फ्रेंच हॉर्न (गुंडाळलेल्या लांब नळीचं पितळी फुंकवाद्य) निवडताना बहुतेक जण आधी वजन पाहतात, मग आवाजाचा पोत. माझं मत विचाराल तर सगळ्यात आधी सूर पाहा. स्वर शेवटी वादकाच्या ओठांनी आणि बेलमधल्या, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडातल्या, हातानेच लागतो हे खरं, पण कुठल्या स्वराला किती ओढाताण करावी लागणार, हे नळीची लांबी आणि स्लाइड (नळीचे आत-बाहेर सरकणारे तुकडे) ठरवतात.

सिंगल हॉर्नला एकाच सुराची नळी असते, एफ किंवा बी-फ्लॅट. एफ सिंगलची नळी साधारण 12 फूट, बी-फ्लॅट सिंगलची 9 फूट. लांब नळीत वर जावं तसे नैसर्गिक स्वर एकमेकांना खेटून बसतात. एफ हॉर्नवर लिखित तार सी (नोटेशनमधला, मधल्या सीच्या वरचा सी) हा आठवा हार्मोनिक, म्हणजे नैसर्गिक स्वरांच्या रांगेतला आठवा. तिथून पुढे ओठ जरा ढळले की शेजारचा स्वर लागलाच. अकरावा तर एफ आणि एफ-शार्पच्या जवळजवळ मधोमध, ना धड हा ना धड तो. तरीही व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक परंपरेने सिंगल एफवरच वाजवतात, म्हणजे हे जमतं. फक्त कान आणि ओठ दोन्ही तितके तयार हवेत.

बी-फ्लॅटवर तोच तार सी सहावा हार्मोनिक असतो. शेजारी लांब, म्हणून वर निर्धास्त वाटतं. त्याची किंमत खाली मोजावी लागते. मधल्या सीच्या खालचा जी घ्यायला पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह (दाबली की जास्तीची नळी जोडणारी कळ) एकदम दाबावा लागतो, एफ-शार्पला तिन्ही. व्हॉल्व्ह एकत्र दाबले की जोडली जाणारी नळी हिशेबापेक्षा आखूड पडते आणि स्वर चढतो, तीन दाबल्यावर तर चांगलाच. एफ हॉर्नवर हाच जी मोकळा, म्हणजे एकही व्हॉल्व्ह न दाबता, मिळतो आणि एफ-शार्पला एकटा दुसरा व्हॉल्व्ह पुरतो. शिवाय हाताने बेल पूर्ण बंद केली की एफवर सूर अर्ध्या स्वराने चढतो, बी-फ्लॅटवर त्याहून जास्त. म्हणून बऱ्याच बी-फ्लॅट सिंगलना त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह जोडलेला असतो.

डबल हॉर्न हा यावरचा तोडगा: एकाच वाद्यात एफ आणि बी-फ्लॅट दोन्ही, अंगठ्याच्या व्हॉल्व्हने बाजू बदलायची. पण डबलमध्येही दोन जाती आहेत आणि खरा निर्णय इथेच आहे. फुल डबलमध्ये दोन्ही बाजूंच्या व्हॉल्व्हना स्वतंत्र स्लाइड. कॉम्पेन्सेटिंगमध्ये एफची हवा बी-फ्लॅटच्याच स्लाइडमधून जाते आणि वर छोटी पुरवणी जोडलेली असते. वजन कमी होतं, पण बी-फ्लॅटची स्लाइड हलवली की एफही हलतो. अशा हॉर्नवर मी बी-फ्लॅट आधी लावायचा हे विसरून एफपासून सुरुवात करायचो आणि अर्धा तास फुकट घालवायचो.

तपासताना ट्यूनरकडे लगेच पाहू नका. आधी हॉर्न वाजवून गरम करा. आतली हवा एक अंश तापली की स्वर सुमारे 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो, त्यामुळे थंड हॉर्नवरचं मोजमाप फसवं. हात बेलमध्ये नेहमीसारखाच ठेवा, कारण तो थोडासाच मिटला की, पूर्ण बंद केल्याच्या उलट, स्वर उतरतो. मग तार सी धरून अंगठा दाबा-सोडा. उडी ऐकू आली तर आधी दोन्ही बाजूंच्या मुख्य स्लाइड जुळवून पाहा. त्यानंतर बी-फ्लॅट बाजूवर त्याखालचा ए, एकदा मोकळा आणि एकदा पहिला-दुसरा व्हॉल्व्ह दाबून. मोकळा हा पाचवा हार्मोनिक, पियानोच्या मानाने 14 सेंट उतरलेला. म्हणूनच एकट्या सुरावटीत वादक सहसा दुसरी बोटं घेतात. पण एफ मेजर कॉर्डमध्ये हाच ए तिसरा स्वर असेल, तर तो उतरलेलाच गोड लागतो. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार हाच.

नवशिक्याला हलकं वाद्य हवं असेल तर एफ सिंगल चालेल. कान चांगला घडतो. सतत वरच्याच पट्टीत वाजवणार असाल तर बी-फ्लॅट. ऑर्केस्ट्रात बसायचं असेल तर फुल डबल, आणि वजन झेपत नसेल तरच कॉम्पेन्सेटिंग. यातलं काहीही घ्या, पण एकूण एक स्लाइड हाताने ओढून पाहा. जी स्लाइड जाम आहे, तिच्यावरचे स्वर तुम्हाला लावताच येणार नाहीत.