तीन टक्क्यांची हाव

आधीच सांगतो, मी नवखा नाही. बारा वर्षं स्वतःचे संगणक स्वतः जोडतोय. ओळखीतले लोक काही घेण्याआधी मला विचारतात. म्हणून तर हार्ड डिस्क घेताना मी कसा फसलो, हे लिहायला तीन महिने लागले. घरच्यांना अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

हव्या होत्या १६ टीबीच्या चार हार्ड डिस्क. व्हिडिओंचा साठा भरत आला होता. एका विक्रेत्याच्या पानावर 'नवीन, सीलबंद, ५ वर्षं वॉरंटी' असं लिहिलेलं होतं. बाजारभाव १०० धरला तर तो ६१ ला देत होता. तिथेच ओळखायला हवं होतं, असं म्हणणारे बरेच भेटले. त्यांना माझं सांगणं एवढंच की हार्डवेअरमध्ये अशी सूट खरीही असते. नवं मॉडेल आलं की जुना साठा काढतात, मोठी ऑर्डर रद्द झाली की तो माल सुटा विकला जातो, बिनखोक्याचा ओईएम (संगणक बनवणाऱ्या कंपन्यांसाठीचा) माल स्वस्तच पडतो. आणि मी चौकशी केली नव्हती असं नाही. अभिप्राय वाचले, सरासरी ४.८ तारे. फोन केला, माणसानेच उचलला. सीएमआर की एसएमआर (डिस्कवर माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती) विचारलं, त्याने अचूक सांगितलं. चोरालाही धंद्यातलं कळतं, एवढंच त्या उत्तरातून सिद्ध होत होतं. मला मात्र ते प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र वाटलं.

अभिप्रायांच्या तारखा पाहिल्या नाहीत. जवळपास सगळे एकाच पंधरवड्यातले होते. पानाच्या तळाशी '२००९ पासून सेवेत' आणि डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव, नोंदवून झाले होते ७ आठवडे. डोमेन कधी नोंदवलं ते दाखवणारा हूइज शोध फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. ते मी नंतर केलं. पैसे देण्याआधी करायचं असतं ते.

आता तो क्षण. रोज रात्री तो मला आठवतो. कार्डाने पैसे भरायला गेलो तर कार्डाचं पान उघडेना. पुन्हा फोन केला. पलीकडून अगदी गोड आवाजात, "साहेब, कार्डावर आम्हाला कमिशन पडतं. थेट खात्यात भरा ना, आणखी ३ टक्के कमी करतो." म्हणजे ६१ चे ५९.१७. खात्याचा क्रमांक टाकला आणि पडद्यावर खातेदाराचं नाव आलं. दुकानाचं नाही, एका माणसाचं. मी ते वाचलं. नीट वाचलं. हात थांबलाही होता. मग मीच स्वतःला समजावलं, छोटा धंदा असेल, मालकाच्या नावावर खातं असेल. त्याला खोटं बोलायची गरजच पडली नाही, ते काम मी केलं. १.८३ साठी कार्डाचं संरक्षण सोडून दिलं. कार्डाने भरलं असतं तर निदान व्यवहारावर वाद घालता आला असता. जो विक्रेता तुम्हाला कार्डावरून हटवायला बघतो, त्याला काहीही विचारत बसू नका, खिडकी बंद करा.

माल आला, हेच त्यातलं कसब. डिस्क आल्या, चारही चालू झाल्या. स्मार्टच्या नोंदीत (डिस्क स्वतःच्या वापराची ठेवते ती) चालू तास दिसले फक्त २. मी खूश. स्क्रूच्या भोकांभोवती घासल्याच्या खुणा होत्या, कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक ओरखडे होते. नवी डिस्क कुठल्या पिंजऱ्यात बसून आलेली नसते. हेही दिसलं होतं, आणि हेही मी पचवलं.

सहाव्या आठवड्यात एक डिस्क कुरकुरायला लागली. तेव्हा कुठे उत्पादकाच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकले. चारही डिस्क एका संगणक बनवणाऱ्या कंपनीला सुटा भाग म्हणून गेलेल्या, ग्राहकाला थेट वॉरंटी नाही. अनुक्रमांक माल आल्याच्या दिवशी तपासायचा, सहा आठवड्यांनी नाही. मग स्मार्टसीटीएल नावाच्या प्रोग्रॅमने फार्मची, म्हणजे डिस्कमधल्या आणखी एका आतल्या आकडेवारीची, नोंद काढली. स्मार्टचे तास पुसून शून्यावर आणता येतात, पण या चोरांनी फार्मला हात लावला नव्हता. तिथे पहिल्या डिस्कवर २१,८७४ तास. अडीच वर्षं, रात्रंदिवस. बाकी तिघींचेही एकवीस हजारांच्या वरच.

२०२५ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या संगणक पत्रकारांनी नेमका हाच प्रकार उघड केला होता. सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जात होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच चिया नावाच्या आभासी चलनाच्या खाणकामातून आल्याचा संशय होता. ती बातमी मी वाचली होती. दोघांना पाठवलीही होती. यावर आणखी काय बोलू.

जाब विचारायला फोन केला. विक्रेत्याने त्या दिवशी तरी उचलला. परत घेण्याची मुदत १५ दिवसांची, ती संपली. तरी 'मेहरबानी म्हणून' २० टक्के कापून घेतो म्हणाला, म्हणजे ४७.३४ परत, पाठवणीचा खर्च माझा. मी संतापून नाही म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. घ्यायला हवे होते का ते? मिळाले असते असं मला वाटत नाही. चारही डिस्क त्याच्याकडे गेल्या असत्या आणि पुरावाही गेला असता.

आणि मग कचेऱ्या. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केला, आमचा संबंध नाही. हे एक वाक्य ऐकायला ४७ मिनिटं फोनवर संगीत. पोलिसांच्या सायबर विभागात तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत अर्जाचा नमुना चुकीचा. दुसऱ्या फेरीत साहेब नाहीत. तिसऱ्या फेरीत साहेब म्हणाले, "माल मिळालाय ना? मग हा दिवाणी वाद." मी फार्मचा छापील कागद पुढे केला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला आणि विचारलं, "यात फसवणूक कुठे लिहिलीय?" ग्राहक कार्यालयाला विक्रेत्याचा प्रत्यक्ष पत्ता हवा होता. पानावरचा पत्ता निघाला भाड्याने टपाल घेणाऱ्या जागेचा. तिथे पाठवलेली नोटीस परत आली आणि ती परत आल्याचा पुरावा मीच जोडायचा होता. कुरियरवाले म्हणाले, सही झाली, विषय संपला. डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीला तक्रार केली तर यंत्राचं उत्तर आलं, खाली समाधानाचे तारे द्या म्हणे. पाच ठिकाणी गेलो, पाचही ठिकाणी मलाच विचारलं की तुम्ही आधी खात्री का नाही केली. चोराला कोणी काही विचारलं नाही. तक्रार क्रमांक तेवढे तीन जमलेत माझ्याकडे.

डिस्क उत्पादक स्वतःच्या अधिकृत विक्रेत्यांची यादी देतात, तीत नाव शोधा. बिलावर प्रत्येक अनुक्रमांक छापून मागा, टाळाटाळ झाली की समजा. चार हव्या असतील तर आधी एकच मागवा. खोकं उघडताना फोन चालू ठेवून चित्रीकरण करा, वेड्यासारखं वाटलं तरी. 'रिफर्बिश्ड' (वापरलेला, दुरुस्त केलेला) असं उघड सांगून विकणारा मला आता 'नवीन' म्हणणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

कुरकुरणारी डिस्क मेली. उरलेल्या तीन चालतात, पण त्यांच्यावर मी दुसऱ्या प्रतीशिवाय काही ठेवत नाही. परवा मेहुण्याने विचारलं, "दाजी, स्वस्तात डिस्क कुठून घेऊ?" जिथे कार्ड चालतं तिथून घे, एवढंच म्हणालो. बाकीचं त्याला हे वाचून कळेल.