डार्कटेबल आणि गिम्प : नाशिकच्या घाटावर नऊ महिने वापरल्यानंतर

जानेवारीत एडिट केलेला नारोशंकराच्या देवळाचा फोटो परवा पुन्हा उघडला आणि मलाच लाज वाटली. दगड ऑइलपेंट मारल्यासारखा चकाकतोय, आभाळ जांभळं, आणि शिखराच्या कडेने पांढरी किनार, जणू मागे ट्यूबलाइट लावलीय. तेव्हा हाच फोटो मी कौतुकाने सगळीकडे टाकला होता. लोकांनी भरपूर अंगठे दिले होते. आता वाटतं, दिले नव्हते, दाखवले होते.

पण मूळ फाइल जशीच्या तशी होती. डार्कटेबल हे रॉ फाइली, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, एडिट करायचं सॉफ्टवेअर. ते मूळ फाइलला हात लावत नाही. आपण केलेले बदल शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये पायरीपायरीने लिहून ठेवतं. हिस्टरीत मागे गेलो, जानेवारीतल्या सतरा पायऱ्या पुसल्या, सहा मिनिटांत नव्याने एडिट केलं. नऊ महिन्यांत काय शिकलो याचा एवढा स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे कुठे मिळाला नसता.

सामान साधंच आहे. ओळखीतून घेतलेला जुना क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, २४ मेगापिक्सेल, त्यावर ३५ एमएम एफ १.८ लेन्स. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. राहायला पंचवटीत, नोकरी सातपूरला. त्यामुळे फोटो काढायचे ते सकाळी साडेसहा ते साडेसात आणि रविवारी. दर महिन्याला खात्यातून पैसे कापले जाणारं सॉफ्टवेअर घ्यायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं. डार्कटेबल आणि फोटोंचे थर रचून काम करायचं गिम्प, दोन्ही फुकट आणि मुक्त. पैसे वाचले, पण वेळ भरपूर मोजावा लागला.

पहिला महिना वैतागाचा गेला. रॉ फाइल उघडली की फोटो फिका, मळकट, उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तर छान दिसत होता! कारण तिथे दिसतं ते कॅमेऱ्याने स्वतःच मीठ-मसाला घालून शिजवलेलं जेपेग. इथे कच्चा शिधा हातात येतो. बरेच जण इथूनच पळ काढतात, आणि मी त्यांना दोष देणार नाही. त्यात एकाच कामासाठी तीन-तीन मॉड्यूल, म्हणजे बदल करायची अवजारं. फोटोतला उजेड-अंधार स्क्रीनला जुळवायचं कामच घ्या. फिल्मिक आरजीबी वापरायचं, सिग्मॉइड वापरायचं की बेस कर्व्ह, यावर मी दोन रविवार घालवले. शेवटी सिग्मॉइडवर स्थिरावलो आणि बाकीची दोन विसरलो. आज हाताशी पाचच मॉड्यूल असतात: एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, टोन इक्वलायझर, कलर बॅलन्स आरजीबी. बाकीची गर्दी लपवून ठेवता येते, ती पहिल्याच दिवशी लपवा.

काळ्या दगडाचं प्रकरण मात्र सॉफ्टवेअरने नाही, सॉफ्टवेअरमुळे कळलं. आपल्या गावातली निम्मी देवळं काळ्या पाषाणाची. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. फ्रेमभर काळा दगड आला की तो बिचारा उजेड वाढवतो, दगड राखाडी होतो आणि मागचं आभाळ जळून पांढरंफटक. मी घरी येऊन ते आभाळ परत आणायची खटपट करायचो. त्यातूनच ती ट्यूबलाइटची किनार आली. जे सेन्सरवर उतरलंच नाही ते कुठलाही स्लायडर आणून देत नाही. आता जागेवरच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर, म्हणजे मीटर सांगेल त्याच्या निम्म्या उजेडावर, ठेवतो आणि सावलीतला दगड घरी टोन इक्वलायझरने अलगद वर उचलतो. रॉ १४ बिटची, म्हणजे प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या. जेपेगमध्ये फक्त २५६. अंधारातून तपशील वर काढताना हा फरक डोळ्यांना दिसतो.

खरी परीक्षा रंगपंचमीला झाली. बाहेरच्यांसाठी सांगतो, नाशिकला धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, आणि तिचा जीव रहाडीत. पेशवेकाळातले हे दगडी हौद वर्षभर रस्त्याखाली बुजवलेले असतात, त्या दिवसापुरते उघडतात. रंगीत पाण्यात लोक उड्या मारतात, त्या उडीला म्हणायचं धप्पा. मी कॅमेरा दुधाच्या पिशवीत घालून, लेन्सपुढे भोक पाडून आणि रबरबँड लावून तिवंधा चौकातल्या पिवळ्या रंगाच्या रहाडीपाशी उभा राहिलो. दोनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन जेपेग पाहिली तर सगळीकडे पिवळे डाग. शर्टाला चुणी नाही, गालाला गोलाई नाही. हळदीच्या डब्यात पडलेली माणसं!

असं का होतं ते हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहिल्यावर समजलं. इतक्या भडक पिवळ्यात लाल आणि हिरवा चॅनल टोकाला जाऊन भिडतात, निळा शून्यावर बसतो. तिन्हीकडे भिंत, मग छटा येणार कुठून? रॉमध्ये मात्र अजून जागा शिल्लक होती. आधी एक्स्पोजर खाली आणलं. मग कलर बॅलन्स आरजीबीवर पॅरामेट्रिक मास्क (रंगावरून भाग निवडायची सोय) लावून फक्त पिवळी छटा निवडली आणि तिच्यातल्या उजळ भागाचा भडकपणा कमी केला. एका फोटोत एक पोरगा हवेत आहे, गुडघे पोटाशी, नाक चिमटीत. रंगाचा थर जरा उतरल्यावर त्याच्या भुवयांवर अडकलेले थेंब दिसायला लागले, आणि काठावर उभ्या असलेल्या एका आजोबांचं तोंड भीतीने उघडलेलं दिसलं. फोटो काढताना ते आजोबा मला दिसलेच नव्हते. त्या एका फोटोसाठी पहिल्या महिन्याचा सगळा मनस्ताप माफ.

तक्रारी आहेतच. फोटोतले दाणे घालवणारं डिनॉइज चालू केलं की माझ्या लॅपटॉपचा पंखा रिक्षासारखा ओरडतो. दुसरी गोष्ट, नवी आवृत्ती टाकल्यावर मागे येता येत नाही. नव्या आवृत्तीने उघडलेली लायब्ररी (फोटोंची आणि बदलांची नोंदवही) जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून आधी बॅकअप घ्या. तिसरी गोष्ट माझ्याच मूर्खपणाची. एप्रिलमध्ये जागा कमी पडली म्हणून फोल्डर साफ करायला बसलो आणि ‘या बारक्या फाइली कसल्या’ म्हणत शंभरेक एक्सएमपी उडवल्या. वर फोटोही डार्कटेबलमधून न हलवता थेट दुसऱ्या डिस्कवर नेले. डार्कटेबलला ते सापडेनात, आणि नव्या जागेवरून पुन्हा आत घेतले तर सगळे कोरे. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात. मूळ रॉ शाबूत होत्या, एवढंच नशीब.

गिम्पकडे मी थर रचायचं काम असेल तरच जातो. २०१८ च्या २.१० नंतर ३.० यायला मार्च २०२५ उजाडला. पण त्यात फिल्टर लावल्यावरही नंतर बदलता येतात, आणि प्रयोग करणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं. माझा आवडता प्रयोग गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा. पूर आला की नाशिककर क्युसेकचे आकडे नंतर विचारतो, आधी विचारतो, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं? मे महिन्यात कोरडी मूर्ती टिपून ठेवली. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावर लांबून, सुरक्षित जागेवरून पुन्हा टिपली. दोन थर एकावर एक, मध्ये लेयर मास्क (वरच्या थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारा पडदा), डावीकडे उन्हाळा, उजवीकडे पूर. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात मेमध्ये मी मूर्तीच्या जवळ उभा होतो आणि पुरात तिथे उभं राहणं शक्यच नव्हतं, त्यामुळे दोन्हींचा कोन जुळेना. मूर्ती ताणून-दाबून कशीबशी बसवली, पण खांदा अजूनही तुटल्यासारखा दिसतो. पुढच्या उन्हाळ्यात लांबच्या जागेवरून पुन्हा काढायची आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून पडद्यावर आणली होती. माझ्याकडून सहा महिन्यांत दोन फ्रेम धड जुळत नाहीत.

दुसरा प्रयोग गर्दी पुसायचा. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवायचा, सात-आठ मिनिटांत पंधरा फोटो काढायचे. गिम्पमध्ये पंधरा थर घालायचे आणि जीमिक या जोडसॉफ्टवेअरमधून (प्लगइन) मीडियन ब्लेंड करायचं. प्रत्येक ठिपक्याच्या पंधरा किमती चढत्या क्रमाने लावून मधली, म्हणजे आठवी, ठेवली जाते. चालत गेलेला माणूस एका जागी एक-दोन फ्रेममध्येच असतो, म्हणून तो गळून जातो. पूर्ण आकाराचे पंधरा थर ८ जीबीत मावत नाहीत. मी आधी ३००० पिक्सेल रुंदीवर आणतो. रामकुंडाजवळ, कपालेश्वराच्या पायऱ्यांच्या तोंडाशी एका रविवारी हे केलं. भाविक गेले, कबुतरं गेली, मोबाइल वर धरून उभी असलेली मंडळी गेली. पायऱ्या धुतल्यासारख्या मोकळ्या. राहिली फक्त फुलं विकणारी एक मावशी. ती जागची हललीच नव्हती. हारांवर पाणी मारताना तिचा हात मात्र धुरासारखा पुसट झाला होता.

घ्यावं का? लग्नाचे पाचशे फोटो दुसऱ्या दिवशी द्यायचे असतील तर याच्या वाटेला जाऊ नका. फोनवर काढून फोनवरच टाकायचे असतील तर गरजच नाही. पण एकाच घाटावर, एकाच बोळात पुन्हा पुन्हा जाण्याचं वेड असेल, तर खर्च शून्य आहे आणि जुना लॅपटॉप पुरतो. सिंहस्थ २०२७ च्या कामांमुळे घाटाचं रूप बदलतंय. आजच्या रॉ जपून ठेवल्या तर पुढे कामाला येतील, हा माझा स्वार्थ.

प्रिंटबद्दल एक सूचना. पहिल्या प्रिंट काळवंडून आल्या आणि मी दुकानदाराशी भांडून आलो. चूक माझी होती. स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून रात्री एडिट करायचो, त्यामुळे फोटो गडद करत जायचो. आता उजेड निम्म्यावर, आणि एक्स्पोर्ट एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीत.

सुधारलेल्या प्रिंटांपैकी एक, तोच मोकळ्या पायऱ्यांचा फोटो, मावशींना नेऊन दिला. त्यांनी हात पदराला पुसले, फोटो लांब धरून बराच वेळ पाहिला.

“मी एकटीच?”

मी मोठ्या उत्साहाने मीडियन समजावून सांगायला लागलो.

“ते राहू दे. पहाटे चारला उठून येते मी इथं. माझं गिऱ्हाईक कुठं घालवलंस?”

पुढच्या रविवारी त्या पंधरांपैकी सातवी फ्रेम छापून नेली. तिच्यात चार बायका वाकून हार निवडतायत आणि मावशी दिसतच नाहीत, फक्त पाणी मारणारा हात दिसतो. ती त्यांनी टोपलीमागच्या भिंतीला लावून ठेवलीय.