आयर्लंडची खानेसुमारी ऑनलाइन: फुकट आहे आणि पैसेवाल्या साइटींपेक्षा भारी आहे

सरळ सांगून टाकते, ५ पैकी साडेचार स्टार. आयर्लंडच्या नॅशनल अर्काइव्हजने १९०१ आणि १९११ ची अख्खी खानेसुमारी ऑनलाइन टाकलीये, आणि नुसती नावांची यादी नाही हं, घराघरात भरलेल्या मूळ फॉर्मचे स्कॅन. सगळं फुकट, कार्ड नंबर मागत नाहीत.

मला याचं काय पडलंय, तर नवरा बर्मिंगहॅममधे जन्मलेला पण आई-वडील दोघंही आयर्लंडच्या मेयो काउंटीचे, सासूबाई साठच्या दशकात नर्सिंग शिकायला इकडे आल्या. घरात आयर्लंड म्हणजे ख्रिसमसची कार्डं आणि मधूनच कोणीतरी गेल्याचा फोन, बस. आमची पोरं झाल्यावर त्याच्या डोक्यात मूळ शोधायचं भूत शिरलं, मग एका साइटचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, वर ती थुंकी पाठवायची डीएनए टेस्ट, आणि एवढे पाउंड घालून निकाल काय, तर तुम्ही आयरिश आहात. अरे, ते तुझ्या आईकडे बघूनही कळतं की!

शेवटी मी म्हटलं आईंनाच विचार ना. नुसतं मेयो सांगून भागत नाही, टाउनलँडचं नाव लागतं, म्हणजे जमिनीचा सगळ्यात छोटा नाव असलेला तुकडा, कधीकधी चारपाच घरांचा, देशात असे साठ हजारांच्या वर आहेत. ते नसेल तर वॉल्श आणि केली आडनावाच्या हजारो लोकांमधे बसा शोधत. (लिओ वराडकरांचं बरंय, आडनावातच गाव, मालवणातलं वराड. आयर्लंडचे पंतप्रधान असताना २०१९ ला येऊनही गेले.) सासूबाईंनी नाव सांगितलं, स्पेलिंग दोनतीन प्रकारे करून बघितलं आणि १९११ चं घर समोर!

त्यांचे वडील त्यात ६ वर्षांचे, पुढे 'स्कॉलर' लिहिलंय. म्हणजे शाळेत जातो एवढंच, पण नवरा दिवसभर तेच ऐकवत होता. त्या वर्षी लग्न झालेल्या बायकांना विचारलेलं की लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि हयात किती. त्यांच्या आजीपुढे लिहिलंय झाली ९, हयात ६. सासूबाईंनी चष्मा पुसून परत बघितलं, म्हणाल्या आम्हाला सहाच माहीत होती. ज्यांचं नाव कोणी कधी घेतलं नाही अशी तीन पोरं त्या एका रकान्यात सापडली, माझ्या मते या साइटची खरी किंमत इथे आहे.

भाषेचा पण रकाना आहे. आई-बापापुढे 'आयरिश अँड इंग्लिश', पोरांपुढे कोरा, म्हणजे फक्त इंग्रजी. परदेशात मराठी पोरं वाढवणाऱ्यांनी हा भाग जरा जपून बघा. घराचा फॉर्म वेगळा असतो तो पण उघडा, समोर खिडक्या किती, छप्पर गवताचं की पक्कं, सगळं पोलिसाने लिहून घेतलंय.

वयावर मात्र विश्वास ठेवू नका. १९०९ पासून सत्तरीच्या लोकांना पेन्शन सुरू झालं आणि त्या पिढीचे जन्मदाखले नव्हतेच, त्यामुळे पेन्शनसाठी लोक वय वाढवून सांगायचे, आमचे एक आजोबा १९०१ ते १९११ या दहा वर्षांत सतरा वर्षांनी म्हातारे झालेत 😄

अर्धा स्टार कापला कारण १९०१ च्या मागे जवळजवळ काहीच नाही. साइट तरी काय करणार, १८२१ ते १८५१ च्या खानेसुमाऱ्या बहुतेक सगळ्या १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या कोर्टाच्या आवारातल्या आगीत गेल्या, १८६१-७१ च्या सरकारनेच नष्ट केल्या आणि १८८१-९१ च्या पहिल्या महायुद्धात रद्दीत. मग आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई वर १८६४ पासूनचे जन्म आणि मृत्यूच्या जुन्या नोंदी बघा, तेही फुकट. नॅशनल लायब्ररीने २०१५ ला कॅथलिक चर्चची रजिस्टरं टाकलीत पण नावाने सर्च नाही, लॅटिन हस्ताक्षर, डोळे फुटतात. ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन म्हणजे १८४७ ते १८६४ चा त्यांचा सातबाराच, कोण कसत होतं आणि जमीन कोणाकडून खंडाने घेतली होती ते कळतं, मालक बहुतेक दुसराच कोणीतरी.

डब्लिनला गेलात तर एपिक हे स्थलांतराचं म्युझियम पोरांना आवडेल, हातात पासपोर्ट देतात आणि दालनादालनात शिक्के मारायचे. आपला पणजोबा तिथे भिंतीवर सापडेल असं समजून जाऊ नका, त्यासाठी त्याच बिल्डिंगमधे फॅमिली हिस्टरी सेंटर आहे, पैसे देऊन तज्ज्ञाबरोबर बसता येतं. आधी फुकटचं सगळं संपवून मग जा.

आणि पासपोर्टसाठी हे करत असाल तर खानेसुमारीचे प्रिंटआउट काढत बसू नका. आई किंवा वडील आयर्लंडमधे जन्मलेले आयरिश असतील तर तुम्ही नागरिक आहातच, आजी-आजोबा असतील तर फॉरेन बर्थ्स रजिस्टर या सरकारी नोंदवहीत नाव घालावं लागतं. त्याला आजीचे जन्माचे आणि लग्नाचे ओरिजिनल दाखले लागतात, आमच्या पोरांचे फॉर्म सध्या त्यावरच अडलेत.