ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट : पिक्चर बघितला असेल तरी पुस्तक घ्याच

नेटफ्लिक्सवर 2022 चा पिक्चर बघून झालेला, तो चार ऑस्करवाला, त्यामुळे पुस्तकात वेगळं काय असणार असं वाटत होतं, तरी मागवलं. पेपरबॅक आहे, एरिख मारिया रेमार्कच्या जर्मन कादंबरीचं ब्रायन मर्डॉकने केलेलं इंग्रजी भाषांतर, दोनेकशे पानं. कव्हरचा कोपरा दुमडून आला आणि टाइप इतका बारीक की रात्री वाचायचं तर चष्मा लावूनही डोळे ताणावे लागतात. पॅकिंग आणि छपाईला पाचपैकी दोन.

आता पुस्तक. पिक्चरवाल्यांनी यातला सगळ्यात भारी भाग उडवूनच टाकलाय राव! पाउल, म्हणजे पहिल्या महायुद्धात लढणारा जर्मन पोरगा, सुट्टीवर घरी जातो तो. सतरा दिवस, त्यातले तीन प्रवासात जाणार. जिन्यातच बहीण भेटते, ती आत आईला ओरडून सांगते की पाउल आलाय, आणि हा तिथेच उभा राहून रडतोय, पुढची पायरी काही चढवत नाही. आई कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली, त्याच्यासाठी जॅम जपून ठेवलेला, ती विचारते तिकडे फार वाईट होतं का रे, आणि हा सांगतो की नाही गं, एवढं काही नाही. वडिलांना मात्र लढाईचे किस्से पाहिजेत, वर पोरानं युनिफॉर्म घालूनच फिरावं असं वाटतं. रस्त्यात ट्रामचा आवाज आला तरी हा दचकतो, तोफगोळाच वाटतो त्याला. खोलीतली जुनी पुस्तकं उघडून बसतो तर काहीच वाटत नाही. शेवटच्या रात्री आई अंधारात उशाशी बसून राहते, लोकरीच्या चड्ड्या बांधून देते, आणि याच्या मनात एकच, सुट्टीवर यायलाच नको होतं.

माझा मामा फौजेत होता. सुट्टीवर आला की अख्खी गल्ली जमायची, तिकडं कसं असतं सांग की मामा म्हणून आम्ही पोरं मागे लागायचो, आणि तो फक्त लंगरमध्ये जेवायला काय मिळतं तेवढंच सांगायचा. आम्हाला वाटायचं भाव खातोय.

रेमार्क स्वतः 1917 मध्ये जखमी झालेला, पुस्तक आलं 1929 ला, आणि 1933 मध्ये नाझींनी ते जाळलं. का जाळलं ते खड्ड्यातला प्रसंग वाचला की कळतं. पाउल एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि मग त्याच खड्ड्यात तासन्‌तास त्याचं मरण ऐकत पडून राहतो, पाकिटात त्याच्या बायकोचा नि मुलीचा फोटो सापडतो, तुझ्या घरच्यांसाठी काहीतरी करीन वगैरे शब्द देतो. हे पिक्चरमध्येही आहे, पण पुस्तकात नंतर जे होतं ते भयानक. परत आल्यावर मित्र समजूत काढतात, त्यांच्याच बाजूचा स्नायपर नेम धरून माणसं टिपतोय ते दाखवतात, आणि याला आपलं कालचं बोलणं बावळटपणाचं वाटायला लागतं. एका दिवसात!

फ्रेंच मुलींचा भाग मला जरा ओढूनताणून वाटला. आणि सुरुवातीला जर्मन नावांचा गोंधळ होतो, पण वीसेक पानं दम धरा.

पुस्तकाला साडेचार. मामाला वाचायला द्यावं का ते अजून ठरत नाहीये. इंग्रजी येतं त्याला, प्रश्न तो नाहीये.