‘गुंठेवारी नियमित होणारच आहे’ असे सांगून विकलेला प्लॉट

२०२२ च्या उन्हाळ्यात सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या हद्दीला लागून असलेल्या शेतजमिनीतील दीड गुंठ्याचा प्लॉट एका एजंटाने आम्हाला विकला. खरे तर हातात पडले ते एक रंगीत नकाशा आणि नोटरी केलेले साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा नुसता करार. नकाशावर नऊ मीटरचे रस्ते, बाग, मंदिराची जागा असे सगळे होते. नगररचना विभागाच्या मंजुरीचा क्रमांक तेवढा नव्हता. जागेवर फक्कीच्या रेघा आणि कोपऱ्यांना रंगवलेले दगड होते.

शेतजमिनीचे मंजुरीविना असे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकणे म्हणजे गुंठेवारी. खरेदीखताचा विषय काढला की एजंटाचे उत्तर ठरलेले असे : “साहेब, सांगलीत एवढी गुंठेवारी आहे, कुणाचं घर पाडलं का? तुमचंबी नियमित होणारच.” हे बोलणे अर्धे खरे असते, म्हणूनच पटते. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करून घेण्याची सोय झाली; त्यानंतर पाडलेल्या तुकड्यांना ती लागू नव्हती. एजंटाला हे पक्के ठाऊक होते, कारण पुढे त्यानेच जुन्या तारखेचा स्टॅम्पपेपर ‘बघतो’ म्हणून सुचवले, अर्थात वेगळे पैसे घेऊन.

सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचेच नाव होते आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा, म्हणजे गावच्या सहकारी सोसायटीचे न फिटलेले कर्ज. शेतकऱ्याने एकाला साठेखत करून दिले, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने आमच्या एजंटाला. यांपैकी कुणालाच तेथे घर बांधायचे नव्हते, गुंठ्याचा भाव मात्र प्रत्येक हातात चढत गेला. शेतकरी म्हणतो, मलाच पुरते पैसे पोचलेले नाहीत, मी सही कशाची करू?

नोटरी म्हणजे दस्तनोंदणी नव्हे आणि साठेखताने मालकी मिळत नाही. म्हणून विसार देण्यापूर्वी चालू सातबारा व फेरफार (मालकी बदलांच्या नोंदी) स्वतः काढावेत, जमीन बिनशेती असल्याचा कागद आणि मंजूर रेखांकन मागावे, ते संबंधित कार्यालयात पडताळावे. मोठ्या ले-आउटमधील प्लॉटविक्रीलाही महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते, तिचा क्रमांक विचारावा. ‘उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय’ असे ऐकल्यास त्या गिऱ्हाइकाला खुशाल येऊ द्यावे.

आमच्या तक्रार अर्जावर ‘दिवाणी स्वरूपाची बाब’ असा शेरा पडला. एजंट पैसे परत द्यायला नाही म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की, याच प्लॉटला चढ्या भावाचे नवे गिऱ्हाईक तुम्हीच आणा, त्याचे पैसे आले की तुमचे लगेच देतो. तसे गिऱ्हाईक आम्ही आणणार नाही. दिवाणी दाव्याची कागदपत्रे वकिलांकडे दिली आहेत.