छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातलं जुन्या पुस्तकांचं दुकान
परभणीहून मुद्दाम गेलो आणि इंग्रज नाटककार गिल्बर्टच्या संगीतिकांचा जाडजूड खंड दोनशे रुपयांत मिळाला. कणा सुटलेला होता. दुकानदार काकांनी समोरच खळ लावून सुती पट्टी चिकटवून दिली. वाळवीनं खाल्लेलं पानही आधी स्वतःच उघडून दाखवलं.

आधी गिल्बर्टचे शब्द, मग संगीतकार सलिव्हनच्या चाली. 1871 ते 1896 मध्ये 14 संगीतिका. 1885 च्या 'मिकाडो'चे लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात सलग 672 प्रयोग! अशी जोडी 1890 मध्ये थिएटरच्या गालिच्याच्या खर्चावरून फाटली, पुढे जुळली ती दोनच संगीतिकांपुरती. वाचताना जीव हळहळला. आमच्या गणपतीतल्या नाटकाला चाली लावणाऱ्या मित्राशी मीही पेटीच्या भाड्यावरून दोन वर्षं अबोला धरलाय.

काकांकडं दुसरी प्रत सांगून ठेवली आहे, त्याच्यासाठी.