साडेतीनशे रुपयांत रेनहॅम हॉलचं भूत

सूनबाईंनी भुताच्या गोष्टीच्या प्रयोगाची तिकिटं ऑनलाइन काढून हातात ठेवली, म्हणून गेलो. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याचा चौक, शनिवारी संध्याकाळी साडेसात, माणशी साडेतीनशे रुपये. त्यात चहा आणि बटाटावडा. वडा एकच, दुसरा हवा तर तीस रुपये वेगळे. डास मात्र फुकट होते.

आयोजकांचं नाव लिहीत नाही. पोरं हौशी आहेत आणि पुढचे प्रयोगही करणार आहेत.

गोष्ट निवडलीय ती अस्सल, यात वाद नाही. इंग्लंडात नॉरफोकला टाउनशेंड घराण्याची हवेली आहे, रेनहॅम हॉल, १६१९ साली बांधायला घेतलेली. तिथे जिन्यावर दिसते ती तपकिरी पोशाखातली बाई म्हणजे डोरोथी वॉलपोल, ब्रिटनचा पहिला पंतप्रधान मानतात त्या रॉबर्ट वॉलपोलची बहीण. तिचा नवरा चार्ल्स पुढे राजकारण सोडून शेतीत असा रमला की लोक त्याला 'टर्निप टाउनशेंड' म्हणायला लागले. टर्निप म्हणजे सलगम. डोरोथी १७२६ साली देवीने गेली असं कागदोपत्री आहे. लोकांचं म्हणणं, नवऱ्याने तिला घरातच कोंडून ठेवलं होतं. आपल्याकडे शनिवारवाड्याचं तसंच. नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला हा इतिहास, आणि पौर्णिमेला 'काका, मला वाचवा' ऐकू येतं ते आपलं आपण घातलेलं.

निवेदक मुलाचा आवाज चांगला आहे, पाठांतरही चोख. १८३६ साली कॅप्टन मॅरियट नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने त्या बाईवर पिस्तूल झाडलं, गोळी तिच्या आरपार जाऊन समोरच्या दारात रुतली, इथे पोराने स्पीकरवर बार वाजवला. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात तान्हं मूल झोपलेलं होतं, ते किंचाळून उठलं. मग गॅलरीतून एक आजी कडाडल्या, "अहो, भूत जरा हळू काढा!" अख्ख्या संध्याकाळी टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच. ही गोळीची हकीकत मॅरियटच्या मुलीने छापली ती १८९१ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. पोराने हे गाळलं. खरी गंमत तिथे होती.

आता मुख्य तक्रार. मी एकतीस वर्षं डार्करूममध्ये काढली आहेत, लक्ष्मी रस्त्यावरच्या एका स्टुडिओत. १९ सप्टेंबर १९३६ चा तो प्रसिद्ध फोटो बघायचा म्हणूनच मी खिशात भिंग टाकून गेलो होतो. जिन्यावरून धुरकट बाई उतरतेय, तोच तो. कॅप्टन प्रोव्हँड आणि इंद्रे शिरा हे दोघे हवेलीचे फोटो काढायला गेले होते आणि त्याच वर्षी डिसेंबरात 'कंट्री लाइफ' मासिकाने तो छापला. या पोरांनी फिरवला काय, तर इंटरनेटवरून उतरवून लॅमिनेट केलेला कागद. भिंग लावलं, तर दिसले शाईचे ठिपके. फोटो खोटा म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की प्रत्येक पायरीच्या वर एक फिकट रेघ आहे, म्हणजे दोन चित्रं एकावर एक पडलीत. ती रेघ बघायची तर धड मोठी प्रिंट तरी हवी.

डबल एक्सपोजर मला नवं नाही. १९८४ साली एका लग्नात कॅमेऱ्यातला फिल्मचा रोल पुढे सरकवायला विसरलो, आणि धुतल्यावर बघतो तो जेवणाच्या पंगतीवर नवरीची आत्या तरंगतेय, पायाखालून जिलब्या दिसतायत. पैसे परत करावे लागले. भूत वगैरे कोणी म्हणालं नाही.

मला जी जागा आवडते ती पोराने एका वाक्यात उरकली. शिराने स्वतःच लिहून ठेवलंय की बाई दिसली ती त्याला. प्रोव्हँडचं डोकं कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली होतं, त्याला काहीच दिसलं नाही. शिरा ओरडला, प्रोव्हँडने लेन्सचं झाकण काढलं, शिराने फ्लॅश उडवला, मग प्रोव्हँड फडक्यातून बाहेर येऊन विचारतो, एवढी गडबड कसली? पुढे निगेटिव्ह धुताना त्यावर काहीतरी दिसलं, तेव्हा शिरा साक्षीदार म्हणून खालच्या केमिस्टला वर घेऊन आला. लाल दिव्यात उभं राहून ज्याने निगेटिव्हच्या प्लेटवर चित्र उमटताना पाहिलंय त्याच्या अंगावर इथे काटा येतो. त्याला स्पीकर लागत नाही.

आणि एक प्रश्न मी उभा राहून विचारला. फडक्याखाली माणूस फोकस बघतो तो घासलेल्या काचेवर, तेव्हा प्लेट आत नसते. आधी झाकण लावायचं, प्लेटचा होल्डर सरकवायचा, त्याची पट्टी ओढायची, मग झाकण काढायचं. एवढं होईपर्यंत बाई जिन्यावर ताटकळत होत्या का? उत्तर आलं, "काका, प्रश्नोत्तरं शेवटी." शेवटी नऊ वाजले, चौक रिकामा करायचा होता.

चहा बरा होता, आलं घातलेलं. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, पाठीला वाईट. पार्किंग विचारूच नका. पाचापैकी अडीच, त्यातला अर्धा आजींचा.

निघताना त्या मुलाला म्हटलं, घरी एनलार्जर पडून आहे, एका निगेटिव्हची प्रिंट सर्वांसमोर डेव्हलपरमध्ये बुडवून दाखवतो, पैसे नकोत, अंधार तेवढा नीट करा. "नक्की काका, फोन करतो," म्हणाला. तीन आठवडे झाले. फोटो पक्का करायचा हायपो आणून ठेवलाय.